नमुना आवाज

"दार नीट लाव," स्पीकर म्हणाला.

"लावलंय रे मघाशीच," आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या.

कानताईचं पेन कागदावर टेकलं होतं ते टेकलेलंच राहिलं. शाईचा ठिपका पसरत गेला. स्पीकर नेहमीइतकाच थांबला आणि पुढचं वाक्य बोलला, "भांड्यात थोडं पाणी ठेव."

"ठेवते म्हणावं. गुडघा धरलाय, सावकाश ठेवते."

कानताईने फोनवर बोट टेकवून आवाज बंद केला. घर एकदम गप्प झालं. आत मटाराच्या शेंगा फुटल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता.

कानताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत ती तपासणी विभागात होती आणि तिचं काम ऐकण्याचं होतं, म्हणून सगळे तिला कानताई म्हणत. मोजमाप करायला कंपनीत यंत्रं होती. पण माणूस यंत्रासारखा ऐकत नाही. तो भांडी घासता घासता ऐकतो, पलीकडच्या खोलीतून ऐकतो, अर्ध्या झोपेत ऐकतो. म्हणून कंपनीची पद्धत अशी, की नव्या मॉडेलचा एक नग तपासनिसाने शुक्रवारी घरी न्यायचा, घरात सगळीकडे ठेवून ऐकायचा आणि सोमवारी सांगायचं, की हा घरात ऐकायच्या लायकीचा आहे की नाही.

हे ऐकणं गाण्यांवर भागत नसे. गाणं चांगलं असलं की वाईट स्पीकरही त्याच्या आड लपतो. साध्या बोलण्याच्या आड लपायला जागा नसते. त्यासाठी कंपनीकडे एक नमुना आवाज होता. कुणा तज्ज्ञांनी अक्षरांचा हिशेब बघून काही वाक्यं बसवून दिली होती. एका वाक्यात श आणि स, म्हणजे शीळ वाजते का ते कळावं. एकात ढ, ध, भ, म्हणजे खर्ज घुमतो का ते कळावं. 'शेजारचे सगळे झोपले असतील.' 'ढीगभर धुणं भिजलं आहे.' त्या वाक्यांना अर्थ असा काही नव्हता. प्रत्येक वाक्यानंतर थोडी रिकामी जागा सोडलेली होती, तपासनिसाला काय जाणवलं ते लिहून घ्यायला वेळ मिळावा म्हणून.

आणि तो आवाज तिच्या नवऱ्याचा होता.

तोही याच विभागात होता. रेकॉर्डिंग करायचं ठरलं तेव्हा त्या वेळच्या साहेबांनी सगळ्यांचे आवाज ऐकले आणि याला म्हणाले, "तुझ्या आवाजाला काही चवच नाही रे. अगदी पाणी. आपल्याला हेच पाहिजे." हे त्याने घरी येऊन इतक्या वेळा सांगितलं की सासूबाई त्याला जेवताना विचारायच्या, "मीठ वाढू का आवाजात?"

पुढे एका सकाळी तो कामावर निघाला आणि वाटेतच छातीत कळ येऊन गेला. तो गेला, आवाज मात्र कामावर राहिला. सुतकी चेहऱ्याने कानताई पहिल्यांदा परत कामावर गेली तेव्हा बाकावर एक स्पीकर तिची वाटच बघत होता. विभागातली माणसं एकेक करून काहीतरी निमित्ताने बाहेर गेली. तिने बटण दाबलं, आणि त्याच दिवशी तिला एक युक्ती सापडली: त्याला ऐकायचं नाही, फक्त स ऐकायचा. मग फक्त भ. त्यामागून येणारी फक्त हवा. युक्ती इतकी छान जमली की पुढे ती युक्ती आहे हेही ती विसरून गेली. विभागात नवी आलेली मुलं तर तो आवाज कुणाचा आहे हे जाणतही नव्हती.

आजच निघताना हल्लीचे तरुण साहेब म्हणाले होते, "कानताई, जुन्या आवाजावरचा हा शेवटचा नग बरं का. पुढच्या महिन्यापासून कॉम्प्युटरने बनवलेला आवाज येतोय." मग जरा घुटमळून म्हणाले, "तुम्हाला ती जुनी फाइल हवी असेल तर… ठेवा तुमच्याकडे."

"कशाला?"

"नाही, म्हणजे आठवण म्हणून."

"साहेब, ढीगभर धुणं भिजलं आहे हे ऐकायला फाइल कशाला हवी? घरी जाऊन बघते की."

साहेब सुटल्यासारखे हसले होते. तीही हसली होती.

आणि आता आत बसून सासूबाई त्या आवाजाला उत्तर देत होत्या.

इतकी वर्षं तिने घरी स्पीकर आणले, पण हे कधी झालं नव्हतं. उलट सासूबाई वैतागायच्या. "बंद कर गं ते डबडं, डोकं उठलं माझं," असं ओरडायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. कानताई आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. सासूबाई पलंगावर मांडी घालून मटार सोलत होत्या. चेहरा रोजचाच.

"आई, कुणाशी बोलत होता?"

सासूबाईंनी मान वर केली आणि तिच्याकडे जरा नवलाने बघितलं.

"तुला माहीत नाही?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

कानताईला भीती वाटली. भीती सासूबाईंची नव्हती, बेबीची होती. बेबी म्हणजे तिची नणंद. पन्नाशीला आली तरी घरात बेबीच. बेबीने गेल्याच वर्षी स्पष्ट सांगितलं होतं, "वहिनी, आईचं वय झालंय. उद्या ती भ्रमिष्टासारखी करायला लागली, तर तू नोकरी करून एकटी नाही सांभाळू शकणार. आमच्या गावात अशा म्हाताऱ्यांसाठी चांगली जागा आहे. मी तिला तिकडे हलवीन." यात बेबीचं चुकतही नव्हतं. पण सासूबाई गेल्या तर या घरात संध्याकाळी कुलूप उघडून आत यायचं आणि दिवा आपणच लावायचा. कानताईने एवढाच विचार केला आणि तो तिथेच सोडून ती चहा टाकायला उठली.

शनिवारी तिने कामाला हात घातला. काम नेमून दिलेलं असलं की माणसाला बरं असतं. स्पीकर लहानसा होता, पाण्याच्या तांब्याएवढा, राखाडी कापडात गुंडाळलेला. आधी जेवणाच्या टेबलावर, मग खिडकीच्या फळीवर, मग बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात चपलांच्या कपाटावर. कोपऱ्यात ठेवलं की दोन भिंती मिळून खर्ज फुगवतात आणि बहुतेक स्पीकर तिथे मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखे होतात. हा झाला नाही.

"मी जरा उशिरा येईन," आवाज म्हणाला.

कानताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पटकन एका बाजूला सरकली.

सरकल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण कुणाला तरी वाट करून दिली.

ती तशीच उभी राहून विचार करू लागली. तिला शास्त्र येत होतं. हा स्पीकर आवाज एकाच दिशेला न फेकता चहूकडे फेकतो. तो भिंतींवर आपटून परत येतो आणि कानाला वाटतं, की बोलणारा दुसरीकडेच कुठेतरी आहे. इथे तो स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी वाटत होता. हे पुस्तकात आहे. पण आवाज तिच्या डोक्याच्या जरा वरून येत होता. चौकटीला खांदा लावून उभा राहिलेला एक उंच माणूस बोलेल तसा. तिने स्पीकर कपाटावरून उचलला आणि खाली फरशीवर ठेवला. आता आवाज खाली यायला हवा होता.

तो उभाच राहिला.

"उशिरा म्हणजे किती रे?" आतून सासूबाई म्हणाल्या. "ही वाट बघत बसते. धड जेवत नाही."

वाक्य संपलं आणि पुढचं वाक्य आलं. सासूबाईंचं बोलणं मधल्या जागेत नेमकं बसलं होतं, जरासुद्धा इकडेतिकडे नाही. पुढचं मागचं सगळं कानताईला तोंडपाठ होतं, तरी पुढचं वाक्य काय येईल म्हणून तिने कान टवकारले. 'घड्याळ मागे पडलं आहे,' तो म्हणाला. तेच यायचं होतं.

"ते तू असतानापासूनच मागे आहे," सासूबाई म्हणाल्या आणि चक्क हसल्या.

नेमका तेव्हाच बेबीचा फोन आला.

"वहिनी, काय चाललंय? आई काय म्हणतेय?"

"बरी आहे. मटार सोलून झाले, आता लसणाच्या मागे लागल्यात."

"आणि हसतेय कुणाशी? कोण आलंय?"

"कुणी नाही."

"मग?"

"रेडिओ लावलाय."

"वहिनी, तुला खोटं बोलता येत नाही. लग्नात दादा लंगडताना दिसला म्हणून मी विचारलं, तेव्हाही तू असंच तोंड केलं होतंस."

"फोनवर माझं तोंड दिसतंय तुला?"

"आवाज दिसतो. ऐकायचं कंत्राट काय तू एकटीने घेतलंयस? उद्या येते मी. आईला बघते आणि मग काय ते ठरवू."

रविवारी सकाळी कानताईने मनाशी पक्कं केलं. सासूबाईंना आज सांगायचं, तोंडावर सांगायचं. बेबी यायच्या आत त्यांना जागेवर आणायचं. तिने स्पीकर उचलला, आतल्या खोलीत गेली आणि तो सरळ सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

"धरा."

"काय आहे हे?"

"धरा तर खरं. दोन्ही हातांनी."

तिने फोनवरचं बटण दाबलं. 'ढीगभर धुणं भिजलं आहे.' कापडाखालचा पडदा हलला आणि सासूबाईंच्या सुरकुतलेल्या तळहातांना त्याचे धक्के बसले. बोलणाऱ्याच्या छातीवर हात ठेवला की बसतात तसे. कानताईला वाटलं होतं त्या दचकतील. त्या दचकल्या नाहीत. त्यांनी अंगठ्याने कापड जरासं कुरवाळलं, बस.

"आई, हे यंत्र आहे. आतमध्ये लोहचुंबक आहे, तारा आहेत. तो नाहीये यात. तो गेला. तुम्ही आणि मी, दोघींनीच तर…"

"मला काय वेड लागलंय?" सासूबाई म्हणाल्या.

कानताईने फोनवरचा आवाज बंद केला.

"माझा मुलगा गेलाय हे मला तुझ्याकडून कळायचंय होय गं? मी जन्म दिलाय त्याला. तो गेला त्या दिवशी तू शुद्धीत तरी होतीस का? सगळं मी निस्तरलं."

"मग तुम्ही उत्तरं का देता त्याला?"

सासूबाईंनी स्पीकर मांडीवरच राहू दिला. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं तू ही खोकी घरी आणतेस. तो बोलतो. तू समोर बसून तोंड मिटून काहीतरी खरडतेस. तो पुन्हा बोलतो, तू पुन्हा खरडतेस. आधीची खोकी मेली नुसती पत्र्याची, त्यातून तो विहिरीत पडल्यासारखा ओरडायचा. मला ऐकवायचं नाही, म्हणून मी दार लावून घ्यायचे. या वेळी नीट बोलला. घरातल्या घरात बोलावं तसं. आपलं माणूस बोलतंय आणि घरात कुणी साधी ओ देत नाही, हे काही बरं दिसेना मला."

"आई, ती नुसती वाक्यं आहेत. अक्षरं तपासायची."

"असतील. मग प्रत्येक वाक्यानंतर तो थांबतो कशाला?"

"मला लिहायला वेळ मिळावा म्हणून."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. पटलेलं नसताना शहाणी माणसं म्हणतात तसं. "तुझ्यासाठीच थांबतो ना? मग झालं तर."

बेबी दुपारी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने आईसमोर बैठक मारली आणि चौकशी सुरू केली.

"आई, आज वार कोणता?"

"तुला सुट्टी आहे म्हणजे रविवार. एरवी कुठली फिरकतेस."

"मी कोण?"

"भामटी. माझ्या चांगल्या साड्या नेसायला नेते आणि परत आणत नाही ती."

"आई, नीट सांग. माझं वय किती?"

"खरं सांगू की तू लोकांना सांगतेस ते?"

बेबीने कपाळावर हात मारला. कानताईला इतकं हसू आलं की ते लपवायला ती पाण्याचा पेला आणायला स्वयंपाकघरात पळाली. येताना ती बाहेरच्या खोलीतून आली, तेव्हा टेबलावर पडलेल्या फोनला तिच्या हाताचा धक्का लागला की आणखी काय झालं कोण जाणे, चपलांच्या कपाटावर परत ठेवलेला स्पीकर सुरू झाला.

"शेजारचे सगळे झोपले असतील."

बेबी ताडकन उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्याच वेळी तो लहान मुलीसारखा दिसत होता. "दादा?" ती म्हणाली. ती कुणाकडे न बघता खोलीबाहेर आली, कानताईच्या शेजारून गेली आणि थेट स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी जाऊन उभी राहिली. तिथे तिने आत डोकावून बघितलं. मग दाराच्या मागे बघितलं.

कानताईने आवाज बंद केला. "कंपनीचा स्पीकर आहे, बेबी. तपासणीचं रेकॉर्डिंग."

"हो का," बेबी म्हणाली. तिने चौकटीवरून हात काढला नाही. "मला माहीत नव्हतं तुमच्याकडे हे आहे." मग म्हणाली, "काल आई याच्याशीच हसत होती?"

"हो."

बेबीने नाक ओढलं आणि पदराने डोळे पुसले. पुन्हा ती बेबी झाली. "आई ठणठणीत आहे. तूच वाळली आहेस. जेवत जा जरा." चहा घेऊन ती गेली. हलवाहलवीचं नाव तिने काढलं नाही. जाताना जिन्यापर्यंत ती दोनदा मागे वळली, पण कानताईकडे बघायला नव्हे. कानताईच्या मागे, घरात.

ऊन उतरू लागलं तेव्हा एकच चाचणी उरली होती. फोन एकीकडे, स्पीकर दुसरीकडे ठेवून बिनतारी जोडणी टिकते का ते बघायचं. स्पीकर बाहेरच्या खोलीत ठेवून कानताई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. जोडणी तुटते कशी ते तिला चांगलं ठाऊक होतं. वाक्य मधेच कापलं जातं आणि मागे पूर्ण मुकेपणा येतो. वाक्यांच्या मधल्या जागेत तसा मुकेपणा नसतो. तिथे रेकॉर्डिंग केलेल्या खोलीची हवा असते, पंख्याची अगदी बारीक घरघर असते. ती घरघर चालू आहे तोवर जोडणी शाबूत.

"मी जरा उशिरा येईन," तो म्हणाला. चौकटीपाशी, तिच्या डोक्याच्या जरा वर.

तिने या वाक्यात फक्त श ऐकायचा असतो. तिने श ऐकायला कान दिला, आणि तो तिला सापडेना. तिथे एक माणूस होता, त्याला जरा सर्दी झाली होती, आणि त्याला घाई होती.

"मग सांगून जायचं," ती म्हणाली.

तिचा स्वतःचा आवाज तिला परका वाटला. पण एकदा निघालेलं बोलणं थांबेना. ती म्हणाली की त्या दिवशी मी आंघोळीला होते, मला दाराचा आवाज आला आणि वाटलं, डबा विसरला असशील, परत येशील. म्हणाली की मोरीचा नळ तू बसवलास तो अजून गळतो आणि मी तो कुणाला दुरुस्त करू देत नाही. म्हणाली की तुझ्या आईचा गुडघा फार झालाय आणि त्या डॉक्टरकडे यायला तयार नाहीत, तू सांग त्यांना. म्हणाली की पुढच्या महिन्यापासून तुला काढून टाकणार आहेत, साहेबांनी फाइल देऊ केली होती आणि मी नको म्हटलं, मी हसले. ती ओट्याची कड धरून बोलत होती आणि ओट्यावरचं ऊन सरकत भिंतीवर गेलं.

मग बोलायचं संपलं, आणि तिला कळलं की फार वेळ झालाय.

ती मधली जागा किती असते हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. झोपेतही तिला ती मोजता आली असती. ती केव्हाच संपायला हवी होती. पुढची कितीतरी वाक्यं होऊन जायला हवी होती. तिने श्वास रोखून ऐकलं. घरघर चालू होती. पंखा फिरत होता. जोडणी तुटलेली नव्हती. त्या दुसऱ्या खोलीत कुणीतरी तोंड मिटून उभं होतं, समोरच्याचं सगळं बोलून झालं ना, याची खात्री करून घेत.

फोन तिच्या हातात उपडा होता. उलटा करून बघितला असता तर काहीतरी कळलं असतं. बोट लागून रेकॉर्डिंग मागे गेलं असेल, अडकलं असेल. कारण सापडलं असतं. आयुष्यभर तिने कारणंच शोधली होती आणि ती नेहमी सापडली होती.

तिने फोन तसाच उपडा ओट्यावर ठेवला.

मग श्वास आत ओढल्याचा आवाज आला, बोलण्याआधी माणूस ओढतो तेवढा. "छत्री कुठे ठेवली आहेस?"

"कपाटाच्या बाजूला," ती म्हणाली. "तुझीही तिथेच आहे."

घरघर सुरूच राहिली. आतल्या खोलीत पलंग करकरला.

"अगं," सासूबाईंनी हाक मारली, "मी पडू का जरा? झालं का तुमचं?"

"तुम्ही पडा, आई," कानताई दारापाशी येत म्हणाली आणि थोडी बाजूला सरकून उभी राहिली. "आमचं चाललंय अजून."